शाळेची डागडुजी आणि आपण

(प्रार्थनामंदिराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्याकडे बहुधा या प्रार्थनामंदिराच्या इतिहासावर बोलले जाते. पहिली सेफेर तोरा कोणी आणली, पहिले बाक कोणी केले, हे आपण दरवर्षी ऐकतो आणि ते ऐकायलाही हवे. यंदा महिला मंडळाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही मात्र विषय शाळेचा घेतला. हाईम शमुवेल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत आपल्या मुलांसाठी जी इस्राएलाईट स्कूल काढली, म्हणजे आपण जिला माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणतो, तिला 2025 साली दीडशे वर्षे झाली. आज इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी एकाच फळीवर बाराखडीही गिरवली आणि आलेफ-बेतही गिरवली, हे वेगळे सांगायला नको. डॉकयार्ड रोड स्टेशनचे नाव काढले की पुढच्या रांगेतली मंडळी हसू लागतात, ते आम्हाला इथून दिसते आहे.

दीडशे वर्षांच्या निमित्ताने शाळेच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी येथून काही रक्कम पाठवावी अशी सूचना आपल्या सभेत आली, हे आपणांस आठवत असेल. तिच्यावर दोन मते पडली. एका काकांनी विचारले, "त्या शाळेत आता आपले मूल उरले नाही. मग आपण कोणासाठी पैसे पाठवायचे?" दुसरे मत असे पडले की पाठवू या, पण दर्शनी भागी संगमरवरी पाटी बसवावी आणि तीवर देणगीदारांची नावे असावीत. काकांचा मान राखूनच सांगतो, आम्हा बायकांना ही दोन्ही मते पटली नाहीत. परंतु का पटली नाहीत हेही तेव्हा नीट सांगता येईना. म्हणून पेसाख झाल्यावर आम्ही बस केली, डबे बांधले, आणि जुन्या शाळांच्या इमारतींचे या देशात लोकांनी काय केले ते पाहून आलो. तियूल तर झालाच, गुडघेही दुखले. जे पाहिले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम तेल अवीवला गेलो. तिथे हेर्झल रस्त्याच्या टोकाशी शालोम मेईर टॉवर उभा आहे, चौतीस मजल्यांचा. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल, वर जाऊन शहरही पाहिले असेल. त्याच जागी पूर्वी गिमनासिया हेर्झलिया ही शाळा होती. 1905 साली याफो येथे सुरू झालेली ही पहिली हिब्रू माध्यमाची हायस्कूल. 1909 साली, तेल अवीवची घरे अजून वाळूत उभी राहत होती तेव्हा, तिच्या इमारतीची कोनशिला बसली. पैसे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे याकोब मोझर यांनी दिले आणि शाळेला हेर्झलचे नाव द्यावे अशी त्यांची इच्छा होती. वास्तुविशारद योसेफ बार्स्की यांनी दर्शनी भाग असा केला की पाहणाऱ्याला बेत हमिकदाशची आठवण व्हावी. गावाचा मुख्य रस्ता थेट या शाळेच्या दारापर्यंत जात असे.

ती इमारत 1962 साली पाडली. शाळा बंद पडली नाही, ती याबोटिन्स्की रस्त्यावर नव्या जागेत गेली आणि आजही चालते. पण जुनी इमारत गेली ती गेलीच. टॉवरच्या तळमजल्यावर नाहूम गुटमान यांनी केलेले जुन्या तेल अवीवचे मोझेइक आहे, तेवढे पाहून यायचे. पुढे 1984 साली या देशात वारसास्थळांच्या जतनासाठी मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्यांनी आपल्या बोधचिन्हात याच पाडलेल्या शाळेचा दर्शनी भाग घेतला. घरातले माणूस गेल्यावर त्याचा फोटो भिंतीवर लावतात, तसेच हे.

याच जातीचा एक प्रकार येरुशालाईममध्ये किंग जॉर्ज रस्त्यावर आहे. बाजाराला जाताना आपण सगळे त्याच्यासमोरून गेलो असू. तालिथा कुमी नावाची मुलींची शाळा तिथे 1868 साली कॉनराड शिक यांनी बांधली होती. ती 1980 साली पाडली, शाळा त्याआधीच बेत जाला येथे गेली होती. मागे काय ठेवले, तर दरवाजाची चौकट, एक खिडकी, घड्याळ आणि धुराडे, रस्त्याकडेला मांडून ठेवले आहेत. तरुण मुले एकमेकांना भेटायला तिथे उभी राहतात. आमच्यातल्या एकीने विचारले, "या दारातून आत गेले की कुठे जायचे?" कोणालाच उत्तर देता आले नाही. डागडुजीच्या नावाखाली नुसता दर्शनी भाग राखायचा, ही पद्धत आम्हाला मुळीच आवडली नाही. इमारत राखल्याचे समाधान मिळते आणि इमारत तर नसते.

तेथून जवळच, समुद्राकडे, नेवे त्सेदेक. म्हणजे अर्थात तेल अवीवमध्ये परत आलो. याफोच्या बाहेर 1887 साली वसलेली ही पहिली ज्यू वस्ती. तिथे आलियांस संस्थेची मुलांची शाळा 1892 पासून आणि मुलींची शाळा 1908 पासून होती. पुढे वस्ती ओस पडत गेली, भिंतींना तडे गेले, अख्खी वस्तीच पाडण्याच्या योजना निघाल्या. तशाही स्थितीत या शाळांच्या इमारती राहिल्या, आणि लंडनच्या देल्लाल कुटुंबाने आपली मुलगी सुझान हिच्या स्मरणार्थ पैसे दिल्यावर 1989 साली तिथे नृत्याचे केंद्र उघडले. बाथशेवा नृत्यसंघ तिथे आहे, आणि तेमानी ओलीमच्या नाचांतून उभा राहिलेला इनबाल संघही.

या इमारती आम्ही चारी बाजूंनी फिरून पाहिल्या. आमच्यात चौघी निवृत्त परिचारिका आहेत. परिचारिकेची एक खोड असते, ती खोलीत शिरली की आधी खिडक्या पाहते. त्या काळच्या शाळांत छत उंच आणि खिडक्या मोठ्या व समोरासमोर ठेवीत, कारण क्षयाची भीती होती. औषध नव्हते, हवा आणि उजेड हाच उपाय होता. डागडुजी करणाऱ्यांनी त्या खिडक्यांची मापे बदलली नाहीत, ही गोष्ट आमच्या लगेच नजरेत भरली. आजकाल जुनी खिडकी काढतात, अर्धी बुजवतात, ॲल्युमिनियमची सरकती चौकट बसवतात आणि वर थंड हवेचे यंत्र टांगतात. इमारतीचा चेहरा त्या एका कामात जातो. डोळे बारीक केले की माणूस ओळखू येत नाही, तसे होते.

आवारात संत्र्याची झाडे लावली आहेत आणि त्यांच्यामधून पाण्याचे अरुंद पाट नेले आहेत, याफोच्या जुन्या बागांत असत तसे. हे आवार नवे आहे आणि ते जुने असल्याचे सोंग करीत नाही. 1964 साली व्हेनिस येथे जगभरच्या जाणकारांनी जुन्या वास्तूंच्या डागडुजीचे नियम ठरवले, त्यांत हाच नियम आहे की नव्याने घातलेले काम नवे म्हणून ओळखू यावे, जुन्याशी त्याचा मेळ बसावा, पण लोकांची फसवणूक होऊ नये. आम्हाला तो नियम फार शहाणपणाचा वाटला. कवळी लावली तर ती कवळी आहे हे डॉक्टरला कळायला हवे.

सगळे सुंदर आहे. तरी बाकावर बसून डबा खाताना आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो. नाचाच्या तालमीचे संगीत ऐकू येत होते, पर्यटक फोटो काढत होते, आणि मधल्या सुटीचा गोंगाट मात्र नव्हता. शाळेची इमारत वाचली होती, शाळा वाचली नव्हती. तक्रार म्हणून आम्ही हे सांगत नाही. ज्यांनी ती वास्तू वाचवली त्यांचे उपकारच आहेत, नाहीतर तिथेही टॉवर झाला असता. परंतु दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढे त्या बाकावर बसून लक्षात आले. गिमनासियाची शाळा वाचली आणि इमारत गेली. इथे इमारत वाचली आणि शाळा गेली. मग दोन्ही वाचतात असे कुठे होते का?

होते. तेल अवीवच्या वेशीवर, होलोनला लागून, मिकवे इस्राएल आहे. 1870 साली शार्ल नेतेर यांनी आलियांसतर्फे ही शेतकी शाळा काढली, तुर्कांचे राज्य होते तेव्हा. आपल्या माझगावच्या शाळेहून ती पाच वर्षांनी थोरली. 1898 साली हेर्झल आणि जर्मन बादशहा विल्हेल्म यांची भेट याच शाळेच्या फाटकापाशी झाली. तो प्रसिद्ध फोटो मात्र नंतर जोडून केलेला आहे, कारण खऱ्या फोटोत बादशहा नीट आलाच नव्हता! बागेत एक प्रचंड वड आहे, पारंब्या जमिनीत उतरलेल्या. आमच्या बायका त्या झाडाखाली गेल्या आणि हलेनात. एकीने पारंबी धरून पाहिली. वटपौर्णिमा आपण कधी केली नाही, पण शेजारणींची पाहिली आहे, तेवढी आठवण पुरे झाली.

तिथे शाळा अजून भरते. जुने सभास्थान आहे, दगडात खोदलेले द्राक्षारसाचे तळघर आहे, जुनी वसतिगृहे आहेत, आणि त्यांच्यामधून पाठीवर पिशव्या घेतलेली मुले धावत असतात. वारसास्थळांच्या मंडळाची मुख्य कचेरीही त्याच आवारात आहे. सगळ्या इमारती लख्ख नाहीत. काहींची दुरुस्ती झाली आहे, काही वाट पाहत उभ्या आहेत. आम्हाला ते खरे वाटले. नांदत्या घरात एखाद्या खोलीचे पोपडे निघालेलेच असतात.

अशा जुन्या भिंतींची दुरुस्ती कशी करतात त्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पैसे देणाऱ्याला हे ठाऊक असावे. या किनाऱ्यावरच्या जुन्या भिंती कुरकार दगडाच्या. तो वाळूचा दगड, भरपूर छिद्रे असलेला. त्यावर चुन्याचा गिलावा असे. अशी भिंत पाणी पिते आणि पुन्हा बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापले की आतली ओल आतच कोंडते, समुद्राकडचा खार दगडात साचतो, आणि दगड आतून भुगा होत जातो. वरून भिंत धडधाकट दिसते. ओल्या जखमेवर हवाबंद पट्टी बांधली तर आत काय होते ते परिचारिकेला कोणी शिकवायला नको. आम्ही दोघीतिघींनी मुंबईत ज्या एका जुन्या इस्पितळात नोकरी केली (नावाला महत्त्व नाही), तिथे वॉर्डाच्या ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि वर चकचकीत ऑइलपेंट दिला. मेट्रनबाईंनी विरोध केला होता, पण मेट्रनबाईंचे कोण ऐकतो. दोन पावसाळ्यांत ओल कमरेवरून खिडकीपर्यंत चढली आणि खाटा भिंतीपासून दोन हात लांब सरकवाव्या लागल्या.

आपल्या कोकणात हे ज्ञान घरोघर होते. घाणीत चुना मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचा, आणि घाई करायची नाही, कारण चुना सावकाश धरतो. अलिबाग-पेणकडच्या आपल्या आजोबांना नेवे त्सेदेकचे मिस्त्री काय करतात ते पाहून नवल वाटले नसते. छपराचेही तसेच. इथल्या जुन्या घरांवर लाल कौले दिसतात ती फ्रान्सच्या मार्सेयहून जहाजाने येत. आपली मंगलोरी कौले त्यांच्याच चुलत घराण्यातली, एकमेकांत अडकणारी. बासेल मिशनने 1865 साली मंगलोरला त्यांचा कारखाना काढला आणि पुढे अख्ख्या कोकणपट्टीवर ती पसरली. पावसाळ्याआधी शाकारणी करायची, फुटके कौल बदलायचे, पन्हळीतला पाला काढायचा, हे काम दरसाल ठरलेले. जोवर शाकारणी होते तोवर घर उभे राहते. ज्या वर्षी शाकारणी चुकते त्या वर्षी एक वासा कुजतो, पुढच्या वर्षी तुळई, आणि मग लोक म्हणतात की इमारत जुनी झाली, पाडा.

डागडुजीत आधी तपासणी असते. ताप आल्याबरोबर कोणी पोट कापत नाही. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवतात. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे, नाही तडकली तर ती जुनी, बरी झालेली जखम आहे. मूळ रंग कोणता होता ते शोधायला खरोखरच शस्त्रक्रियेची सुरी वापरतात आणि रंगाचा एकेक थर खरवडत जातात. आमच्यातली एक थिएटरमध्ये तीस वर्षे काम केलेली. ती हे ऐकून म्हणाली, "आपल्याला बोलवा, हात अजून थरथरत नाही." लाकडाचे टोक कुजले असेल तर तेवढेच कापून चांगल्या लाकडाचा सांधा देतात, सबंध तुळई फेकून देत नाहीत. भिंतीत पिंपळाचे रोप उगवले तर वरून छाटून भागत नाही. मूळ आत राहते आणि पुढच्या पावसात दुप्पट जोराने येते, हे मुंबईकरांना सांगायला नको.

मात्र जुनेपणाच्या नादात मुलांचे हाल करावेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. शाळा म्हणजे संग्रहालय नव्हे. मुलींना स्वच्छ आणि आतून कडी लागणारे संडास हवेत, प्यायला पाणी हवे, विजेच्या तारा नव्या हव्यात, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला वर्गापर्यंत जाता यायला हवे. उतार आणि लिफ्ट मागच्या अंगाला बसवता येतात, जिना तोडावा लागत नाही. या देशात तर आणखी एक अडचण आहे. 1991 च्या आखाती युद्धानंतर नव्या बांधकामात संरक्षित खोली सक्तीची झाली. जुन्या शाळेला अशी जाड काँक्रीटची खोली जोडायची म्हणजे नाजूक म्हातारीच्या गळ्यात जाते बांधण्यासारखे. पण सायरन वाजल्यावर मुलांना घेऊन धावलेल्या आजी-आजोबांनी हे सभागृह भरले आहे. ती खोली बांधू नका असे आपल्यातला कोणी म्हणेल काय? ती बांधायचीच, पण जुन्या भिंतीत घुसवण्यापेक्षा शेजारी, वेगळी दिसेल अशी बांधायची. मुलांचा जीव आणि दगडाचे वय यांत निवड करायची वेळ आली तर आमचे मत मुलांच्या बाजूने पडेल, त्यासाठी व्हेनिसला जायला नको.

आता माझगावला परत येऊ. "आपले मूल तिथे नाही." खरे आहे. आपण इकडे आलो, वर्ग रिकामे झाले, आणि शेजारच्या वस्तीतली मुले त्या बाकांवर बसली. त्यांतली पुष्कळशी मुसलमान घरांतली आहेत. काकांनी विचारले ते कोणासाठी? आम्ही उलट विचारतो की आपण कोणाच्या शाळांत शिकलो? स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन 1829 साली मुंबईला आले. त्यांच्या शाळांतून आपली कितीतरी मुले शिकली, आणि 1832 साली त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. हेतू त्यांच्या धर्माचा असेल, पण अक्षरे आपल्या उपयोगी पडली. रेबेका रूबेन 1905 च्या मॅट्रिकमध्ये पहिल्या आल्या. त्या शिकल्या पुण्याच्या हुजूरपागेत, म्हणजे हिंदू समाजसुधारकांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत. आणि त्याच रेबेकाबाईंनी 1922 ते 1950 अशी अठ्ठावीस वर्षे आपल्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. आपल्या घरच्या आत्या-मावशा त्यांच्या हाताखाली शिकल्या. आम्ही परिचारिका जिथे शिकलो, तिथे तरी शेजारच्या खाटेवर कोण होते? जात-धर्म विचारून आम्ही कोणाचा ताप मोजला नाही.

शाळेला ज्यांचे नाव आहे त्या कदूरी घराण्याचीच एक गोष्ट सांगतो. सर एलींचे भाऊ सर एलिस 1922 साली वारले. त्यांनी शाळेसाठी मोठी रक्कम मागे ठेवली होती. त्या पैशांतून इंग्रज सरकारने या भूमीवर एक नव्हे, दोन शेतकी शाळा काढल्या. 1930 च्या सुमारास तुलकारेमला अरब मुलांसाठी, आणि 1933 साली ताबोर डोंगराच्या पायथ्याशी ज्यू मुलांसाठी. ताबोरच्या शाळेतून यित्झाक राबिन शिकून बाहेर पडले. तुलकारेमची शाळा वाढत वाढत विद्यापीठ झाली आणि आजही कदूरी हेच नाव लावते. मधल्या काळात या दोन गावांमध्ये काय काय झाले ते आपण जाणतो, आपल्या घरची मुले सैन्यात गेलेली आहेत. नावे मात्र दोन्हीकडे राहिली.

तेव्हा माझगावला शाळा भरते आहे, घंटा होते आहे, आणि तिथे कोणी टॉवर किंवा नाट्यगृह केले नाही, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. नेवे त्सेदेकला जे पैशाने परत आणता आले नाही ते तिथे फुकट आहे. मुले आहेत. आपण पाठवलेल्या पैशाने त्या मुलांच्या डोक्यावरचे छप्पर गळायचे थांबले, तर केहिमकरांच्या शाळेचे मूळ रूप राखले असे आम्ही समजू.

संगमरवरी पाटीबद्दल. आम्ही विरोधात आहोत, आणि हे स्पष्ट सांगितलेले बरे. जुन्या भिंतीला आठ भोके पाडून तीवर आपली नावे लावायची, याला डागडुजी म्हणत नाहीत. जुन्या पाट्या असतील त्या पुसून घ्याव्यात, वाचता येतील अशा कराव्यात. नव्या नावांसाठी एक वही ठेवावी, ती पुरे.

तिथल्या इमारतीला आज काय हवे आहे याची यादी आपण इथे बसून करू नये. ती तिथे शिकवणाऱ्यांनी आणि जुन्या वास्तूंचे काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाने करावी. मुंबईत असे जाणकार आहेत. 1995 पासून तिथे वारसा इमारतींसाठी नियम आहेत. फोर्टमधले 1884 चे केनेसेथ एलियाहू 2019 साली कसे नव्याने उजळले ते आपल्यातल्या काहींनी जाऊन पाहिले आहे. आमची विनंती एवढीच की सगळी रक्कम एका समारंभात खर्च होऊ नये. निम्मी दुरुस्तीला द्यावी आणि निम्मी दरसालच्या शाकारणीला, गटारे-पन्हळी साफ करायला राखून ठेवावी. रंगकामाचा फोटो छापून येतो, पन्हळीतला पाला काढल्याचा येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

दुसरे, परदेशातून देणगी घ्यायची तर भारतातल्या संस्थेला सरकारकडे तशी नोंदणी लागते. ती आहे की नाही हे चिटणीसांनी आधी पत्राने विचारावे आणि मगच पैसे गोळा करावेत. नाहीतर पैसे मध्येच अडकतील आणि आपण एकमेकांना दोष देत बसू.

आणि तिसरी गोष्ट, जिला पैसा लागत नाही. जुनी इमारत मुळात कशी होती हे ठरवताना जुन्या फोटोंचा फार उपयोग होतो. खिडकीला किती गज होते, कठडा लाकडाचा होता की लोखंडाचा, दारावर पाटी कोणत्या बाजूला होती, हे सगळे वर्गाच्या फोटोत मागे आलेले असते. आपण त्या फोटोत फक्त आपला चेहरा शोधतो. असे फोटो मुंबईपेक्षा आज आपल्या कपाटांत, दिमोना, अश्दोद, लोद, बेएरशेवा इथल्या घरांत जास्त निघतील. पत्र्याच्या पेट्या उघडा. ज्यांना दिसत नाही त्यांनी नातवंडांना उघडायला सांगा. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने साल आणि इयत्ता लिहा, शाईने नको, शाई पुढे उमटते. मूळ फोटो कोणाकडे देऊ नका, मंडळ त्याची प्रत काढून तिथल्या तिथे परत देईल.

आज मलिद्यानंतर जिन्याजवळच्या टेबलावर मंडळाच्या दोघीजणी वही घेऊन बसणार आहेत. ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनी नाव आणि टेलिफोन नंबर लिहून जावे. काका, तुमचा 1950 च्या दशकातला क्रिकेटच्या संघाचा फोटो आहे असे काकूंकडून कळले आहे, तेव्हा पहिले नाव आम्ही तुमचेच लिहून ठेवले आहे.

शालोम.